कितव्या महिन्यात?

"मॅडम, हे कितव्या महिन्यात झालं असंल?"

बहिऱ्या मुलाच्या कानांच्या स्कॅनचा रिपोर्ट हातात घेतल्यावर तिनं विचारलेला पहिला प्रश्न हा. ऐकू येईल का, ऑपरेशन लागेल का, खर्च किती, हे बाकीचे विचारतात ते प्रश्न नंतर आले आणि तेही तिच्या नवऱ्याकडून. ती जेमतेम बावीस-तेवीसची. कडेवर सव्वादोन वर्षांचा मुलगा, झोपेच्या औषधाच्या गुंगीतून अजून पुरता बाहेर न आलेला. त्याच्या लाळेनं तिच्या ब्लाउजचा खांदा ओला झालेला. मागच्या बाकावर सासूबाई पदर घट्ट आवळून बसलेल्या. त्यांच्याकडे नजर गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की प्रश्न मला विचारला असला तरी उत्तर मागच्या बाकापर्यंत पोचावं अशी तिची इच्छा होती. सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, "ग्रहनात इळी धरली हुती हिनं. सांगून बी ऐकलं न्हाई."

ते ग्रहण तुमच्याही लक्षात असेल. २०२२ची दिवाळी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला संध्याकाळी सूर्य मावळता मावळता लागलेलं. भाऊबीज कधी करायची यावरून घरोघरी खल झाला होता. ह्या मुलीला तेव्हा चौथा महिना. पाहुणे यायचे म्हणून तिनं गवारी मोडली की वांगी चिरली, यावरून दोघींचं अजून एकमत नाही. मला मात्र उत्तर माहीत होतं आणि ते देताना थोडा आनंदही झाला, हे कबूल करते. कानाच्या आतल्या भागाचा आकार त्या ग्रहणाच्या कितीतरी आधीच ठरून गेलेला असतो. विळीचा, चंद्राचा, राहूचा काही संबंध नाही. मी तसं ठणकावून सांगितलं. सासूबाई गप्प झाल्या. मुलीच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं दिसलं आणि मग तिची बोटं पेरांवर मागे मागे मोजत चालली. "म्हंजे मग गणपतीत? विसर्जनाच्या राती डॉल्बीच्या म्होरनं गेलते मी. छातीत धडधडत हुतं नुसतं."

एका तारखेतून तिला सोडवलं, तर ती आपल्या पायानं दुसऱ्या तारखेत जाऊन उभी राहिली.

मी मिरजेत रेडिओलॉजी करते. म्हणजे दिवसभर अंधाऱ्या खोलीत राखाडी चित्रं वाचते. कानाच्या आतलं हाड, पेट्रस बोन, हे शरीरातलं सगळ्यात कठीण हाड. त्याच्या पोटात आतला कान कोरून बसवल्यासारखा असतो: एका बाजूला ऐकण्याचा कॉक्लिया, दुसऱ्या बाजूला तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, मध्ये दोन्हींना जोडणारं दालन, व्हेस्टिब्यूल. कॉक्लियाची उंची पाच मिलिमीटरच्या आसपास. शिकताना आम्ही त्याला चकलीच म्हणायचो, अडीच वेढ्यांची. त्या मुलाच्या सीटी स्कॅनमध्ये खालचा वेढा सुबक होता. त्याच्या वर मात्र वेढे मोजता येत नव्हते. मधल्या भिंती नाहीत, वरचा सगळा भाग एकच पोकळी. व्हेस्टिब्यूल जरा फुगीर. आणि त्याच्यामागून मेंदूच्या आवरणाकडे जाणारी व्हेस्टिब्युलर अ‍ॅक्विडक्ट ही बारीक नळी, जी एरवी शोधावी लागते, ती न शोधता दिसत होती. मधोमध मोजली तर दीड मिलिमीटरच्या आत असावी असा साधारण दंडक. इथे ती त्याच्या दुप्पट. दोन्ही कानांत तेच. इनकम्प्लीट पार्टिशन टाइप टू, म्हणजे वेढ्यांमधल्या भिंती अपुऱ्या; जुन्या भाषेत मोंडिनी.

हे कान घडतात कधी? तिच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात खरोखरच आठवड्यानिशी दिलेलं आहे, आणि ते वाचताना मला दर वेळी थोडं गरगरतं. गर्भधारणेनंतर बाविसाव्या दिवसाच्या सुमारास, पुढे जिथे मेंदूचा मागचा भाग होणार असतो त्याच्या दोन्ही बाजूंना, कातडीचा एक ठिपका जाड होतो. बस्स, तो कान. ठिपका आत खचतो, त्याची वाटी होते, वाटीचं तोंड मिटतं आणि चौथा आठवडा संपता संपता आत एक बंद थेंबाएवढी पिशवी उरते. पाचव्या आठवड्यात तिला कोंब फुटतात. एक वर जातो, त्याची पुढे ती अ‍ॅक्विडक्ट होते. एक खाली उतरतो आणि वळायला लागतो. आठव्या आठवड्याच्या अखेरीस अडीच वेढे पूर्ण. तोलाच्या नळ्यांमध्ये वरची आधी होते, मग मागची, आडवी सगळ्यात शेवटी. म्हणून बिघाडात सापडते तीही बहुधा आडवीच. मग भोवतीनं कूर्चा, कूर्चेचं हाड, आणि गरोदरपणाच्या मध्यापर्यंत हा सगळा ऐवज मोठ्या माणसाएवढा होऊन बसतो. जन्मानंतर बाळाचं डोकं वाढतं, नाक वाढतं, बाहेरचा कान वाढतो. आतला वाढत नाही. ती अ‍ॅक्विडक्ट तेवढी जन्मानंतरही काही वर्षं वाढत राहते. दोन वर्षांच्या पोराचा कॉक्लिया आणि त्याच्या आजोबांचा कॉक्लिया माझ्या मॉनिटरवर एकाच मापाचा.

यात एक हिशेबाची गोम आहे. पुस्तकातले आठवडे गर्भधारणेपासूनचे, आणि बायका नि डॉक्टर मोजतात ते शेवटच्या पाळीपासून. दोन आठवड्यांचा फरक. म्हणजे बाविसावा दिवस आपल्या हिशेबानं छत्तिसावा. पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला. प्रवासानं असेल, अशक्तपणानं असेल म्हणत अजून चार दिवस वाट बघू असं चाललेलं असतं, पट्टीवर दोन रेघा बघितलेल्या नसतात, नवऱ्याला सांगितलेलं नसतं, आणि पोटात कान सुरू झालेले असतात. ह्या मुलीच्या बाबतीत जुलैच्या सुरुवातीची पाळी धरली तर अडीच वेढे पुरे व्हायची वेळ येते ९ सप्टेंबरला, आणि २०२२ साली अनंत चतुर्दशी त्याच दिवशी होती. तिच्या पेरांवरचा हिशेब माझ्यापेक्षा चोख निघाला.

मिरजेची विसर्जन मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दुसरा दिवस उजाडतो तरी संपत नाही. लक्ष्मी मार्केटजवळच्या घरांच्या खिडक्यांच्या काचा झंकारत असतात. ती म्हणते ती छातीतली धडधड मीही अनुभवलेली आहे. त्या आवाजानं मोठ्या माणसांच्या कानाचं होतं ते होतंच, त्याबद्दल मला वेगळा राग आहे. पण सातव्या-आठव्या आठवड्यातल्या त्या कोंबाला आवाज म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. ऐकणाऱ्या पेशी तेव्हा तयारच झालेल्या नसतात. बाळ आवाजानं दचकायला सहावा महिना उजाडावा लागतो. हे मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली. मान हलवणं आणि पटणं यांतलं अंतर आमच्या धंद्यात लवकर कळतं.

"पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कसं न्हाई दिसलं मग?" हे नवऱ्यानं विचारलं, आणि त्याचं विचारणं रास्त होतं. ती सोनोग्राफी मी केलेली नव्हती, पण तशा रोज करते. गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा फॉर्म एफ भरून घ्यायचा, जेल लावायचं, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं, पाठीचा कणा, ओठ, हातापायांची हाडं. बाहेरचा कान दिसतो, कधी इतका छान दिसतो की बापाला वळवून दाखवावा. आतला दिसत नाही. कवटीच्या हाडाआड पाच मिलिमीटरच्या वस्तूतल्या भिंती त्या लहरींना मोजता येत नाहीत. "बाळ व्यवस्थित आहे" या वाक्याची हद्द कुठं संपते हे लोकांना सांगायची सोय त्या पंधरा-वीस मिनिटांत नसते, आणि सांगितलं तर नऊ महिन्यांची झोप उडते. त्यातून हा मुलगा बोलत नाही हे घरच्यांना दिसत होतंच की. पण "बाप बी उशिराच बोललाय" या वाक्यावर आपल्याकडे किती पोरांचं एखादं वर्ष जातं, त्याची गणती कुणी केलेली नाही.

सीटी हाड दाखवतं. नस बघायची तर एमआरआय. त्यासाठी मुलाला झोपवायचं, आणि इथे आमच्याकडे एक छोटा प्रसंग दर वेळी घडतो. मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो म्हणून प्रत्येक पेशंटच्या कानात बोळे घालायचे, वरून कानपट्टा. नवा टेक्निशियन पोरगा हातात बोळे घेऊन थबकला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, ह्याला कशाला?" म्हटलं, घाल. थोडंफार शिल्लक असतं, असलेलं घालवायचं नाही. आई आत बसली, कानावर तो मोठा हेडफोनसारखा पट्टा लावून. सिक्वेन्स बदलला की मशीन आधी ठकठक करतं, मग एकदम घरघर. दर बदलाला ती दचकायची आणि दचकली की पोराकडे बघायची. पोरगं औषधानं झोपलेलं, त्याच्या न हलण्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. तरी ती बघत होती. आणि मी काचेपलीकडून तिच्याकडे.

एमआरआयमध्ये हाड काळं आणि कानातलं पाणी पांढरंशुभ्र येतं, त्यामुळे सीटीत जी पोकळी ती इथे उजळते. पण मला हवे असतात चार काळे ठिपके. कानाच्या आतल्या बोगद्याला आडवा छेद दिला की त्यात पुढे वर चेहऱ्याची नस, पुढे खाली ऐकण्याची, आणि मागे तोलाच्या दोन. पुढचा खालचा ठिपका नसला तर कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कॉक्लियात तार घालून नसेला थेट निरोप देणारं यंत्र, बसवून काय उपयोग हा प्रश्न उभा राहतो; तार घालाल, पण पलीकडे निरोप न्यायला कुणी नाही. ह्या मुलाचे चारही होते, दोन्हीकडे. त्या खोलीत मोठ्यानं बोललेलं चालतं, म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "आहे."

आता मोंडिनीविषयी. कार्लो मोंडिनी हे इटलीतल्या बोलोन्याचे शरीररचनेचे प्राध्यापक. १७९१ साली त्यांनी तिथल्या विज्ञान अकादमीसमोर जन्मतः बहिऱ्या मुलाच्या विच्छेदनाचा वृत्तांत मांडला. मुलगा आठ वर्षांचा. गाडीचं चाक पायावरून गेलं, पाय सडला आणि तो मेला. बहिरेपणानं कुणी मरत नाही, म्हणून त्या काळी बहिऱ्या माणसाचा कान उघडून बघायला असा अपघात व्हावा लागे. मोंडिनींनी त्या दगडासारख्या हाडातून कॉक्लिया सोडवला आणि त्यांना वेढे भरले दीड. मोठं व्हेस्टिब्यूल, मोठी अ‍ॅक्विडक्ट. भिंगापलीकडे साधन नसताना त्यांनी जे पाहिलं ते मी आज एका क्लिकवर पाहते, आणि त्यात मला माझं कौतुक वाटण्यासारखं काही दिसत नाही. एक तक्रार मात्र आहे: आतल्या कानात काहीही वाकडं दिसलं की "मोंडिनी" लिहून मोकळे होणारे रिपोर्ट. त्या माणसानं तीन गोष्टी एकत्र पाहिल्या होत्या. तिन्ही असतील तरच त्याचं नाव घ्यावं, नाहीतर जे दिसलं ते लिहावं. त्या आठ वर्षांच्या मुलाचं नाव अर्थातच कशालाच दिलेलं नाही.

या सगळ्या वाकड्या कानांना ओळीत उभं करण्याचं काम १९८७ साली अमेरिकेतल्या जॅकलर, लक्सफर्ड आणि हाऊस यांनी केलं. त्यांची कल्पना अशी, की घडण जिथे थांबली तसा कान दिसतो. फार लवकर थांबली तर कान मुळातच नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात थांबली तर कॉक्लिया आणि व्हेस्टिब्यूल मिळून एकच पोकळी. सहाव्यात थांबली तर नुसता कोंब. सातव्यात थांबली तर दीड वेढा, म्हणजे मोंडिनींचा मुलगा. शिकताना हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः हरखले होते. चित्र बघून आठवडा सांगता येतो! पुढे २००२ साली अंकाराच्या सेनारोलू आणि साअत्ची यांनी भिंतींच्या अपुरेपणाचे वेगळे प्रकार पाडले. आज आम्ही लिहितो ते बहुतेक त्यांचं. पण आठवड्यांची ती शिडी डोक्यातून जात नाही, आणि आईनं विचारल्यावर जिभेवर तीच येते.

माझा त्या शिडीवरचा विश्वास हळूहळू उडत गेला आहे. इनकम्प्लीट पार्टिशनचाच टाइप थ्री घ्या. त्यात कॉक्लियाचं बाहेरचं माप जवळपास बरोबर, वेढ्यांमधल्या भिंतीही जागेवर, पण ज्या मधल्या खांबाभोवती वेढे फिरतात तो खांबच नाही. असा कान कुठल्याच आठवड्याच्या पायरीवर बसत नाही. तो थांबलेला नाही, वेगळाच बांधला गेलेला आहे. त्याचं कारण एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात सापडतं. ते मुलाला आईकडूनच येतं, आणि हे वाक्य कुणाच्या सासूसमोर उच्चारताना माझी जीभ जड होते. रुंद अ‍ॅक्विडक्टचीही कथा तशीच. त्यात अनेकदा पेंड्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं. ते प्रथिन कानातल्या पाण्याचे क्षार सांभाळतं. ते नसलं की पाणी साचून आतली नाजूक नळी फुगते आणि फुगलेल्या नळीभोवती हाड धरतं. मला दिसतो तो हाडाचा साचा. घड्याळ कुठं थांबलं ते त्या साच्यात लिहिलेलं नसतं. ऐकण्याचंही तसंच. कॉक्लियाच्या तळाशी वरच्या पट्टीचे आवाज आणि टोकाशी खर्जाचे; या मुलांचं टोक बिघडलेलं, तर खर्ज जायला हवा. प्रत्यक्षात ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, बघाल तर बहुधा वरची पट्टीच जास्त गेलेली असते. चित्रावरून अंदाज बांधणाऱ्यांनी हे एकदा भिंतीवर लावून ठेवावं.

तरीही तिचा प्रश्न खुळा नव्हता. थॅलिडोमाइड आठवा. १९५७ ते १९६१ पश्चिम जर्मनीत ते झोपेचं, मळमळीचं औषध म्हणून दुकानात मिळत होतं. हात-पाय आखूड असलेल्या बाळांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण त्यांतल्या काहींना बाहेरचे कान नव्हते आणि काहींच्या हाडात आतला कानही नव्हता. आईनं गोळी कुठल्या दिवशी घेतली यावर बाळाचं काय जाईल हे ठरत होतं, आणि कान जात ते अगदी सुरुवातीच्या दिवसांतल्या गोळीनं. तिथं आयांना विचारून विचारूनच तारखा जुळवल्या गेल्या. "कितव्या महिन्यात" हा प्रश्न त्या बायकांच्या तोंडी बरोबर होता आणि उत्तरात गुन्हेगार एक कंपनी निघाली. आपल्याकडे तोच प्रश्न स्वयंपाकघराकडे वळतो. तारखेनं कारण सापडतं हे अधूनमधून खरं असल्यामुळेच ते खोटं असतं तेव्हा झटकता येत नाही.

त्या दिवशी दारापाशी मुलाचे आजोबाही होते. जुने पैलवान, दोन्ही कान तालमीत मोडून त्यांच्या गाठी झालेल्या, एरवी मोठ्या अभिमानानं मिरवायचे असे. मी सांगत होते की या मुलाच्या डोक्याला मार लागू द्यायचा नाही, साध्या पडण्या-आपटण्यानंही शिल्लक ऐकू येणं कमी होऊ शकतं. कुस्ती नको, कबड्डी नको. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे लाल माती न्हाईच म्हणा की." मग जरा वेळानं, "ऱ्हाऊ दे. शाळा शिकल." मला त्या घरातला सगळ्यात मोकळा माणूस तोच वाटला. जनुकाची तपासणी सुचवली तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, की आधी मुलाचं रक्त आणि मग आई-बाप दोघांचं. रुंद अ‍ॅक्विडक्टच्या या दोषात जनुकाची एक बिघडलेली प्रत आईकडून आणि एक बापाकडून यावी लागते, एका बाजूनं भागत नाही, आणि तसं निघालं तर पुढच्या प्रत्येक खेपेला चारात एक अशी शक्यता राहते. "माझं बी?" नवऱ्यानं विचारलं. तुझंही. सासूबाईंनी पहिल्यांदा कॅलेंडरवरची नजर काढून लेकाकडे बघितलं.

हे सगळं ज्यांच्या चित्रात काही सापडतं त्यांचं. जन्मतः नसेच्या बाजूनं बहिऱ्या असलेल्या मुलांपैकी साधारण पाचांतल्या चारांची चित्रं सरळ येतात. वेढे अडीच, भिंती जागेवर, चार ठिपके. बिघाड पेशींच्या पातळीवर असतो, आणि तो सीटीला दिसत नाही, एमआरआयलाही नाही. "नॉर्मल" हा शब्द वाचून घरचे हसतात, फोन लावतात, एकांनी तर रिसेप्शनवर पेढे ठेवले होते. इम्प्लांटच्या दृष्टीनं बातमी चांगलीच; सर्जनला सरळ कान मिळाला की त्याचं काम सोपं. पण पोराला ऐकू येत नाही ते येतच नाही. मग दोन दिवसांनी फोन येतो, "मॅडम, सगळं नॉर्मल हाय म्हणता, मग दोष कुणात?"

म्हणून अशा रिपोर्टच्या तळाशी मी अलीकडे मराठीत एक ओळ छापते: कानाच्या हाडाची रचना व्यवस्थित आहे, याचा अर्थ ऐकू व्यवस्थित येतं असा नाही, आणि यावरून गरोदरपणात काय घडलं ते सांगता येत नाही. केसेस पाठवणाऱ्या एका सर्जननं फोन करून थट्टा केली, "रिपोर्ट आहे की ललित?" ओळ मी काढलेली नाही. गेल्या महिन्यात अथणीहून आलेल्या एका बापानं ती दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि हीच कन्नडमध्ये लिहून मिळेल का म्हणून विचारलं, घरी आईला दाखवायची आहे. आमच्या सिस्टर चिकोडीच्या. त्या लिहून देणार आहेत.